पायांबद्दल तक्रार नाही

यावोर दोलला निघालेल्या व्हॅनमध्ये बसले तेव्हा माझी छाती इतकी फुगली होती की पांढऱ्या कोटाचं वरचं बटण लागेना. शेजारी कालिना पुटपुटत प्रश्नांची उजळणी करत होती. "काय त्रास होतो, कधीपासून, आधी कधी झाला होता का, घरात कुणाला..." मी खिडकीतून स्तारा प्लानिनाच्या डोंगरांवरचा उरलासुरला बर्फ बघत होते. मला उजळणीची गरज नव्हती.

खरं सांगायचं तर मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात उत्तर दिलं तर शेवटच्या बाकावर ऐकू जात नसे, आणि शेवटच्या बाकावर मीच बसायचे. मेडिकल शाळेत नर्सिंग शिकायला आले तीही मैत्रिणीच्या मागे मागे. मग हिवाळ्यात आमच्या शिक्षिका सिस्टर स्तानिकांनी वर्गात मला परिचारिका केलं, एका मुलीला पेशंट केलं आणि म्हणाल्या, "विचार तिला, काय होतंय." मी तोंड उघडलं आणि आतून भलतीच कुणी बोलायला लागली. मोकळी, हसरी, न अडखळणारी. त्या दिवसापासून ती मीच आहे. घरी आई म्हणते, "सुन्चित्सा, जरा श्वास घे गं बाई." बाबा म्हणतात, "मुकी होती तीच बरी होती."

यावोर दोलचा दवाखाना म्हणजे जुन्या शाळेतल्या दोन खोल्या. डॉक्टर मितिच महिन्यातून एका गुरुवारी तिथं येतात, आणि वसंतात तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना सोबत नेतात. काम साधं असतं. एकीने एक पेशंट घ्यायचा, त्याची सगळी माहिती विचारायची, वजन, रक्तदाब, ताप, साखर पाहायची, अंगावरून नजर फिरवायची आणि डॉक्टरांसमोर उभं राहून कागद न बघता सांगायचं. जिचं सांगणं चांगलं, तिला उन्हाळ्यात जिल्ह्याच्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात काम. वर्गातल्या सगळ्या मुली त्यासाठी जीव टाकत होत्या. मी तर आईला सांगूनसुद्धा टाकलं होतं की जुलैमध्ये मी घरी नसेन.

सिस्टर पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणाल्या, "आज साखरवाले पेशंट जास्त. त्यांचे बूट-मोजे उतरवल्याशिवाय तपासलं म्हणायचं नाही. त्यांना पायाचं दुखणं कळत नाही, म्हणून आपण बघायचं."

"हो सिस्टर," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. माझा सूर मोठा होता.

माझ्या वाट्याला आल्या ग्रोझ्दानाआजी. काळा झगा, काळा रुमाल, हातात पिशवी, आणि पायात काळे रबरी बूट, त्यातून वर आलेले जाड लोकरी मोजे. गावात सगळ्या म्हाताऱ्या असेच बूट घालतात. आजी दारात आल्या, एका हाताने चौकट धरली आणि बूट काढायला वाकल्या.

आता आमच्याकडे दारात पाहुणा वाकला की यजमानाच्या तोंडून एकच वाक्य निघतं. माझी आई तर विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा म्हणते, 'अहो नका हो काढू, या असेच!' पाहुण्याने 'छे छे' म्हणायचं, आपण 'असू द्या हो' म्हणायचं, असं दोन-तीनदा झाल्यावर पाहुण्याने बूट काढायचेच आणि आपण घरातल्या सपाता पुढे करायच्या. न काढता आत आलेला पाहुणा मी जन्मात पाहिला नव्हता.

"अहो आजी, नका हो काढू!" मी म्हणाले. "असू द्या, या अशाच!"

आजी ताड्‌कन सरळ झाल्या. एकदाही 'छे छे' न म्हणता, बुटांसकट आत येऊन खुर्चीवर बसल्या.

"देव तुला चांगला नवरा देवो," त्या म्हणाल्या.

मी खूश.

"तर आजी, काय त्रास होतोय?"

"त्रास म्हणजे सून."

"सून कुठे असते?"

"तिकडे लिंझला. ऑस्ट्रियात. मुलगा तिकडेच कामाला आहे."

"मग इतक्या लांबून त्रास कसा देते हो?"

"फोनवरून!"

दोघीही खळखळून हसलो. शेजारच्या टेबलावर कालिना एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होती, तीही वळून पाहायला लागली. मला वाटलं, बघ, असं बोलतं करतात माणसांना. दहा मिनिटांत मला आजींचं सगळं समजलं. गालिचे विणतात, अजून माग चालू आहे. साखर बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत. बाळंतपणं दोन, एक मूल लहानपणी गेलं. इथं मी आवाज हळू केला, ते मला छान जमलं.

"घरी मदतीला कोण?"

"शेजारची ल्युबिंका. ती बघते माझं सगळं."

"गोड खाता?"

"छे गं! घरात गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरांबा असतो, पण तो पाहुण्यांसाठी."

"शाब्बास आजी!"

रक्तदाब मोजला. तीन बाह्या वर सारल्या तेव्हा कुठे दंड सापडला. बोटाला टोचून साखर पाहिली, जरा चढीच होती. वजनकाट्यावर त्यांना बुटांसकट उभं केलं आणि बुटांचं म्हणून थोडं मनातल्या मनात वजा केलं. मग राहिले पाय.

"आता पाय बघू हं."

आजींनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "पाय अगदी ठणठणीत आहेत."

"दुखत नाहीत?"

"मुळीच नाही. बाकी सगळं दुखतं, पाय नाही दुखत."

"तरी एकदा..."

"तूच म्हणालीस ना पोरी, असू दे म्हणून?" त्या हसल्या, पण गाल लाल झाले होते. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कालिनाच्या आजोबांकडे गेली. "आज नको. पुढच्या वेळी नवे मोजे घालून येईन. आज अशीच उठून आले."

त्या लाजल्या होत्या हे मला स्वच्छ कळलं. इतकी वर्षं मी स्वतःच लाजत आले, मला नाही कळणार तर कुणाला? फळ्यासमोर उभं केल्यावर 'जाऊ दे, बस खाली' असं कुणी म्हणावं म्हणून मी किती वेळा देवाचा धावा केला होता. आज ते म्हणायची सत्ता माझ्या हातात होती, आणि ती वापरताना फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

"बरं, असू द्या," मी म्हणाले.

डॉक्टर मितिच आतल्या खोलीत बसले होते. मी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी राहिले, सिस्टर भिंतीला टेकून होत्या, आणि दार अर्धं उघडं होतं. मी बोलत गेले. गालिचे, गोळ्या, बाळंतपणं, रक्तदाब, साखर, सगळं ओळीत, कुठे न अडखळता. "मदतीला शेजारीण आहे. गोड खात नाही. सिगारेट ओढत नाही. पायांबद्दल तक्रार नाही. त्वचा व्यवस्थित."

"बोटांच्या मधे?" डॉक्टरांनी गोळ्यांचं लिहिता लिहिता विचारलं.

"स्वच्छ."

कसा आला तो शब्द? मी ठरवलं नव्हतं. उतारावरून धावताना पाय आपोआप पडत जातात तसा तो पडला, आणि मी पुढेसुद्धा गेले.

"याला म्हणतात माहिती घेणं," डॉक्टर म्हणाले. "मला एकही प्रश्न उरला नाही. शाब्बास." त्यांनी ग्रोझ्दानाआजींना आत बोलावलं, छातीला नळी लावली, गोळ्या लिहून दिल्या आणि पाठवून दिलं. कालिनाला त्यांनी मागाहून बरेच प्रश्न विचारले. ती "पुन्हा बघून येते" म्हणून दोनदा बाहेर पळाली. मला तिची कीव आली. ती दारातून जाताना मी तिचा खांदासुद्धा थोपटला.

शेवटचे पेशंट आत होते तेव्हा आम्ही दोघी बाहेरची खोली आवरत होतो. कालिना फरशी पुसत होती.

"कुणी गं हा चिखल आणला?" ती म्हणाली. मग तिने फडकं उलटून पाहिलं, आणि वास घेतला. "सुन्चित्सा, हा चिखल नाहीये."

फडक्यावर तपकिरी लाल ओघळ होता. माझ्या खुर्चीसमोर, जिथे आजींनी डावा पाय मागे ओढला होता, तिथेच.

"तू बघितलेस ना त्यांचे पाय?" कालिनाने विचारलं. टोमणा नव्हता. ती असं सगळ्यांनाच विचारते.

"बघितले ना!" मी म्हणाले. माझे कान असे तापले की मला वाटलं ते तिला दिसत असणार. "आलेच मी. जरा वारा घेऊन येते."

"एवढ्या थंडीत?"

मी धावत सुटले. मनात एकच होतं, कुणाला कळायच्या आत जायचं, पाहायचं, काही असेल तर पट्टी बांधायची आणि परत यायचं. म्हणजे मी बोलले ते मागाहून का होईना, खरं होईल. कोटाच्या खिशात पट्टी कोंबली होती. चोर असाच पळत असेल.

आजींचं घर वरच्या गल्लीच्या टोकाला होतं. पडवीत उभा माग, त्यावर लाल-काळा गालिचा अर्धा विणलेला. मी दारात वाकले.

"नको गं काढू, असू दे!" आजी आतून म्हणाल्या.

"छे छे," मी म्हणाले आणि बूट काढले. आजींनी लोकरीच्या मोठ्या सपाता पुढे केल्या, मला बसवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत बशीतून मुरांबा आणि पाण्याचा पेला समोर आला. मी एक चमचा घेतला. त्यांनीही एक घेतला.

"आजी, तुम्ही पण?"

"पाहुण्याला एकटं खायला लावतात का?"

"आज किती पाहुणे आले?"

"सकाळपासून? पोस्टमन. मग अंडी न्यायला एक बाई. मग तू." त्यांनी चमचा चाटला. "देवानं पाहुणे दिलेत, नाही म्हणू नये."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी चमचा बशीत ठेवून दिला. मी त्यांना शाब्बास म्हटलं होतं.

"आजी, मला तुमचे पाय बघायचेत."

"झालं ना तिथं सगळं."

"नाही झालं. मी बघितले नाहीत."

"मग आता तरी कशाला? दुखत नाहीत म्हटलं ना."

दुखतं का, जळजळतं का, मुंग्या येतात का, हे सगळे प्रश्न मला पाठ होते आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. मी गप्प बसले. अशी गप्प मी हिवाळ्यापासून बसले नव्हते. मग एक प्रश्न आला, जो आम्हाला कुणी शिकवला नव्हता.

"तुम्ही स्वतःचे तळपाय शेवटचे कधी पाहिले?"

आजींनी बशी खाली ठेवली. रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"ल्युबिंका होती तेव्हा."

"होती म्हणजे? ती तर बघते ना तुमचं सगळं?"

"गेली ती. द्राक्षं काढायच्या वेळी." त्या मागाकडे बघत बोलत होत्या. "रविवारी पडवीत घंगाळ घेऊन बसायचो. ती माझी नखं कापायची, मी तिची. आता माझा हात पोचत नाही तिथपर्यंत. मुलाला काय सांगू, नखं कापायला ये म्हणून लिंझहून? सुनेला सांगू?" त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्या नखांपेक्षा घोड्याचे खूर बरे गं. म्हणून तर सकाळी दारात वाकले तेव्हा मनात म्हणत होते, ही पोर नको म्हणू दे, नको म्हणू दे. आणि तू म्हणालीस."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि डावा बूट ओढला. तो सुटला. मोजा सुटेना. तो तळव्याला चिकटून बसला होता. चुलीवरचं कोमट पाणी घेऊन मी तो भिजवत भिजवत सोडवला. आजी छताकडे बघत होत्या, दोन्ही हातांनी तोंड झाकून, जणू मी त्यांना भर चौकात उघडं केलं होतं.

नखांचं मी सांगणार नाही. तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, एक भोक होतं. कडा पांढऱ्या आणि मेलेल्या, आत काळपट लाल. वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बुटात हात घातला तर तळातून वर आलेला एक खिळा बोटाला लागला.

"आजी, हा टोचत नव्हता?"

"कुठला?"

मी त्यांना खिळा दाखवला. त्यांनी बूट लांब धरून पाहिला आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"बांध पट्टी. बांध आणि जा. कुणाला बोलू नकोस."

"आजी, हे डॉक्टरांना..."

"डॉक्टर कापतात. ल्युबिंकाच्या नवऱ्याचा असाच गेला, आधी बोट, मग गुडघ्यापर्यंत. पाय गेला तर मागावर कशी बसू मी? आणि तुझं तरी काय भलं होणार आहे त्यात? मी दाराशीच उभी होते, ऐकलं सगळं. स्वच्छ म्हणालीस. शाब्बास म्हणाले तुला." त्यांनी माझं मनगट हलवलं. "मला इतकं बरं वाटलं गं. म्हटलं, किती समजूतदार पोर आहे, म्हातारीची अब्रू राखली. मग आताच काय झालं? तू गप्प, मी गप्प. कुणाचं काय जातंय?"

मला ते पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं. मी पट्टीचा कागद फाडलासुद्धा. घट्ट बांधायची, पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी काहीतरी निमित्त काढून यायचं, जुलै माझा, अब्रू दोघींची. त्या माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या की नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं वाटत होतं. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. व्हॅन निघायच्या तयारीत होती. ती गेली की पुढच्या महिन्यापर्यंत या खोलीत हे भोक बघणारी मी एकटीच. मी, जिने एका शब्दात ते बुजवलं होतं.

मी मनगट सोडवून घेतलं आणि पळाले.

"पोरी!" आजी ओरडल्या. "पोरी, तुला आईची शपथ!"

दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायांत आजींच्या सपाता आहेत. डॉक्टर बॅग बंद करत होते. औषधाच्या खिडकीशी गावातली चार-पाच माणसं उभी होती. सगळ्यांनी आधी सपातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही कुठल्या लग्नातून आली?" कुणी तरी म्हणालं.

"डॉक्टर, ग्रोझ्दानाआजींच्या डाव्या तळव्याला जखम आहे. खोल. जुनी आहे. बुटात खिळा आहे आणि त्यांना तो कळत नाही."

डॉक्टरांचा हात बॅगेच्या पट्ट्यावरच थांबला. "तू तर म्हणालीस पायांबद्दल तक्रार नाही."

"त्यांची तक्रार नव्हती."

हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. अजूनही निसटायला बघतेय मी.

"मी पाहिले नव्हते," मी म्हणाले. "बूट काढलेच नाहीत. त्या काढत होत्या, मीच नको म्हणाले."

"बोटांच्या मधे मी विचारलं. तू म्हणालीस स्वच्छ."

"हो."

"ते कुठून आणलंस?"

कालिना हातात फडकं घेऊन उभी होती आणि माझ्या वतीने लाजून जमिनीकडे बघत होती. तिने मला काही विचारलं असतं, काही टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. "बरं. मग मला सांग, तू जे जे सांगितलंस त्यातलं पाहिलेलं काय आणि तोंडात आलेलं काय?"

माणसं ऐकत होती. मी सुरुवात केली. माझा आवाज मला ओळखीचा होता, तो शेवटच्या बाकावरचा.

"रक्तदाब मोजला. साखर मोजली. वजन... बुटांसकट घेतलं, मग अंदाजाने कमी केलं. त्वचा... हात आणि चेहरा पाहिला. तेवढाच."

"पुढे."

"सिगारेटचं विचारलं नव्हतं. म्हातारी बाई, ओढत नसेल म्हणून सांगितलं. मदतीला शेजारीण आहे म्हणाले, ती वारलीय. गोड खात नाही म्हणाले. प्रत्येक पाहुण्याबरोबर एक चमचा खातात."

खिडकीपाशी कुणी तरी फिसकन हसलं. सिस्टर स्तानिकांनी त्या दिशेला नुसतं बघितलं आणि हसू थांबलं. मला वाटलं आता त्या बोलतील. त्या फक्त कपाटाकडे गेल्या आणि हातमोजे, पट्ट्या, बाटली असं काढून ट्रेमध्ये ठेवायला लागल्या.

डॉक्टरांनी अंगात चढवलेलं जाकीट पुन्हा काढलं. बराच वेळ ते त्याच्या बाहीशी खटपट करत होते. "मीही बूट काढायला सांगितलं नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "ऐकायला छान वाटलं, म्हणून." मग बॅग उचलून ते बाहेर पडले.

सिस्टर माझ्या जवळून जाताना म्हणाल्या, "उन्हाळ्याचं कालिनाला."

"हो सिस्टर."

"ट्रे धर. आणि चल."

चढावर मी ट्रे घेऊन सगळ्यांच्या मागे होते. मोठ्या सपाता दर पावलाला टाचेतून निघत होत्या, मी पाय घासत चालत होते, आणि दोन्ही बाजूंच्या कुंपणांवरून बायका बघत होत्या. डॉक्टर दुपारनंतर वरच्या गल्लीला कधी जात नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं कुणाकडे आणि कशासाठी. जे झाकायला आजी बुटांसकट आत आल्या होत्या, तेच मी वरात काढून घेऊन चालले होते.

आजी होत्या तिथेच होत्या. डाव्या पायावर त्यांनी टेबलावरचा भरतकामाचा रुमाल टाकला होता. उजवा पाय बुटासकट खुर्चीखाली होता.

"सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"सांगितलं."

"फार बोलतेस तू," त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी रुमाल बाजूला केला, वाकून पाहिलं, बारीक सळईने जखम किती खोल आहे ते हळूच पाहिलं. आजींना कळलंसुद्धा नाही. "रुग्णालयात यायचं आजी. आज, आमच्याच गाडीतून."

"कापणार?"

"आज आलात तर पाय राहील असं मला वाटतं. बोटाचं मी सांगत नाही."

आजींनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "त्या पेटीत माझा नवा झगा आहे, इस्पितळाचा. टॉवेल पण." आमच्याकडे प्रत्येक बाईच्या पेटीत तो असतो, न घातलेला, घडीवरचा. त्यांचा आवाज फाटला. "सगळं नवं ठेवलं होतं हो मी. आणि पाय असे घेऊन जाऊ? तिथल्या पोरी काय म्हणतील?"

मरणाची भीती नव्हती, पाय कापण्याची भीती नंतरची. नखांची लाज पहिली.

सिस्टरनी जखम धुतली आणि पट्टी बांधली. मी घंगाळात पाणी ओतून आणलं होतं. गुडघ्यांवर बसून त्यांना कापूस देत होते, कात्री देत होते. सिस्टरनी डाव्या पायाची नखं मऊ करून एकेक कापली. कात्रीचा आवाज खोलीत फार मोठा वाटत होता.

"उजवा?" सिस्टरनी मान न वळवता विचारलं. "त्याचं काय?"

माझ्या जिभेवर काही तरी होतं, लगेच, तयार. 'तो बरा असेल.' 'आधी हे आटपू.' किती तरी होतं.

"पाहिला नाही," मी म्हणाले.

सिस्टर थांबल्या. डॉक्टर दारात फोनवर रुग्णालयाशी बोलत होते, तेही थांबल्यासारखे वाटले. आजी भिंतीकडेच बघत होत्या. मी विचारायलाही धजले नाही. खाली ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला.

मग खुर्चीखालून तो दुसरा रबरी बूट इंच इंच पुढे सरकला, माझ्या गुडघ्याला लागला आणि तिथेच राहिला. मी घंगाळातलं पाणी हाताने पाहिलं. गार झालं होतं. मी चुलीवरचं आणखी ओतलं आणि टाच दोन्ही हातांनी धरली.